अपयशाचं बिल कुणाच्या नावावर?

साताऱ्यात कॉलेजात पाऊल टाकल्यावर पहिल्याच टर्मला दोलकाचा प्रयोग होता. धाग्याला लोखंडी गोळी टांगायची, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. माझा धागा ४८ सेंटिमीटर, वेळ २८.४ सेकंद, उत्तर ९३९. पुस्तकात ९८०. शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं माझ्या वहीत डोकावून क्षणात हिशोब केला आणि म्हणाला, “वेळ २७.८ लिही, जुळतंय.” मी लिहिली. सरांनी सही केली. दहापैकी नऊ मिळाले.

चूक कुठं होती ते पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच कुणाला तरी तो प्रयोग समजावून सांगताना कळलं. मी धागा हुकापर्यंत मोजला होता, आणि मोजायचा असतो गोळीच्या मध्यापर्यंत. तेवढे दोन सेंटिमीटर राहिले होते. माझा वेळ बरोबर होता. म्हणजे एका चुकीच्या आकड्यावर पांघरूण घालायला मी एकुलता एक बरोबर आकडा खोडला होता. गंमत इथंच संपत नाही. गुरुत्व त्वरण विषुववृत्ताकडे जाताना थोडं घटतं आणि उंचीवर आणखी थोडं घटतं. साताऱ्याच्या अक्षांशावर, साताऱ्याच्या उंचीवर ते ९७८ च्या आसपास भरतं. ९८० हा पुस्तकाच्या सोयीसाठी गोल केलेला आकडा, त्याचं मूळ युरोपच्या अक्षांशावर. मग आमच्या बॅचच्या सगळ्या जर्नलांत नेमकं ९८० कुठून आलं?

प्रयोग करा, चुका, चुकांतून शिका, हे वाक्य आता बहुतेक कॉलेजांच्या माहितीपत्रकात असतं. नवीन शैक्षणिक धोरणाच्या प्रत्येक कार्यशाळेत ते निदान दोनदा तरी ऐकू येतं. वाक्य खोटं नाही. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत चुकून शिकण्याचा जो इतिहास आहे, तो नीट पाहिला की त्या वाक्यातून एक गोष्ट गळालेली दिसते. चुकायला पैसे लागतात, वेळ लागतो, आणि पहिल्या चुकीनंतर दारात उभं करणारं कुणीतरी लागतं. हा खर्च कोण उचलतं यावर बाकीचं सगळं ठरतं.

किर्लोस्करवाडीपासून सुरुवात करणं भाग आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले आणि तिथं लक्षात आलं की काही रंग आपल्याला ओळखूच येत नाहीत. चित्रकला सुटली, पण रेखाटन हातात राहिलं. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवायची नोकरी मिळाली. पुढं बढतीच्या वेळी डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावात आले. सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रं केली आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला. शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात.

समजुतीला हसणं सोपं आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर खरा प्रश्न फाळाचा होता. ओतीव लोखंडाचा फाळ फार कठीण झाला तर दगडाला लागून तुटतो, मऊ राहिला तर काळ्या रानात झिजून चपटा होतो. वरचा थर कठीण आणि आतला गाभा चिवट हवा असेल तर ओतताना लोखंड कुठं पटकन गार करायचं आणि कुठं सावकाश, हे साच्यातच ठरवावं लागतं. ते कुठल्याही पुस्तकावरून थेट जमत नाही. वाळू, कोळसा, लोखंड, हवा, सगळं स्थानिक. भट्टी लावायची, ओतायचं, फोडून बघायचं, पुन्हा लावायची. फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या खेपेला निघालेला माल बहुतेक वेळा परत भट्टीतच जातो.

इतक्या वेळा परत भट्टीत घालायची ऐपत कुठून आली? बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. साल १९१०. माळावर निवडुंग आणि साप. त्या निवडुंगाची आठवण लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव किर्लोस्करांनी पुढं आपल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातच ठेवली. पुढची वसाहत, ‘किर्लोस्कर’ मासिक, पंप, इंजिनं हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण राजाच्या त्या रकमेकडे मी शिक्षणाचा खर्च म्हणून बघतो. भट्टी बिघडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवता येईल एवढी मुदत त्यातून विकत मिळाली. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेला तो माळ त्या अर्थानं एक कॉलेजच होता. तिथं नापास होण्याची फी दुसऱ्यानं आधीच भरलेली होती.

त्या किर्लोस्करी नांगरांची जाहिरात करत गावोगाव फिरलेला एक माणूस म्हणजे भाऊराव पाटील. ते स्वतः मॅट्रिक पार झाले नाहीत. १९१९ हे साल या भागासाठी मोठं गमतीचं आहे. जून महिन्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं, आणि ४ ऑक्टोबरला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था. एकीकडे दगडी इमारत, विद्यापीठाची पदवी, प्राध्यापकांची व्याख्यानं. दुसरीकडे शिकायचं असेल तर आधी हाताला काम, हा हट्ट. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मोडले गेले ही गोष्ट साताऱ्यात लहान मुलांनाही माहीत असते. ती भावुक होऊन सांगितली जाते, म्हणून तिचा हिशोबी अर्थ निसटतो. घरातून काहीच येणार नाही अशा पोराला एखादा विषय राहिला तरी त्याचं ताट उचललं जाणार नाही, याची ती हमी होती.

१९४७ साली साताऱ्यात रयतचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि ‘कमवा व शिका’ महाविद्यालयीन पातळीवर आलं. या योजनेचं कौतुक करताना आपण श्रमप्रतिष्ठेवर थांबतो. शेतात राबणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट मिळते, तिची फारशी चर्चा होत नाही. वाफ्यातलं पाणी चुकीच्या बाजूला गेलं तर ते खोडरबरानं पुसता येत नाही. बांध फुटलेला दिसतो, सगळ्यांना दिसतो, आणि तो तुम्हालाच धरावा लागतो. प्रयोगशाळेत मात्र आम्ही वेळ २७.८ लिहून मोकळे झालो. तरी ‘कमवा व शिका’ आज बऱ्याच ठिकाणी झाडलोट, ग्रंथालयात पुस्तकं लावणं आणि कार्यालयात कागद पोचवणं एवढ्यावर आलेलं आहे, हेही लिहायला हवं. त्यातून फी निघते, पण चुकायची जागा राहत नाही.

कॉलेजनं अपयशाला पाठबळ देण्याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण वर्गातलं नाही, आखाड्यातलं आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. मातीत कुस्ती खेळलेला गडी पहिल्यांदाच गादीवर, परक्या नियमांत उतरला होता. सहावा क्रमांक काही वाईट नव्हता, पण पदक नव्हतं. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी ते कर्ज फेडलं. आपण पदकाची गोष्ट सांगतो. मला त्या दोन ऑलिंपिकच्या मधल्या चार वर्षांचं नवल वाटतं. हरून आलेल्या विद्यार्थ्यावर एका प्राचार्यानं घर लावलं. आज एखाद्या प्राचार्यांनी असं काही केलं तर ऑडिटवाले पहिला प्रश्न काय विचारतील, हे सांगायची गरज नाही.

यानंतर चित्र बदललं, आणि त्या बदलाला एक साल आहे, १९८३. तोपर्यंत या दोन जिल्ह्यांत पदवीचं इंजिनिअरिंग म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतलं १९४७ चं वालचंद कॉलेज आणि १९६० चं कऱ्हाडचं सरकारी कॉलेज. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर कॉलेजं काढायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी इस्लामपूरजवळ राजारामनगरला आणि सांगलीजवळ बुधगावला इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली. पुढं यादी लांबत गेली. दादांचं स्वतःचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं, पण साखर कारखान्याच्या परिघातल्या पोरांना पुण्या-मुंबईला न जाता इंजिनिअर होता यावं ही त्यांची कळकळ खरी होती. हजारो घरांतून पहिला इंजिनिअर त्या निर्णयामुळं निघाला. हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

पुढचं असं, की अपयशाचं बिल आता थेट घराच्या नावावर यायला लागलं. औंधच्या राजाच्या, लक्ष्मीबाईंच्या किंवा खर्डेकरांच्या जागी बाप आला. “उसाचं बिल आलं की भरतो,” असं सांगून फी भरणारा बाप. कारखान्याचा हप्ता लांबला की फी लांबते, फी लांबली की हॉल तिकीट अडतं. अशा घरातल्या पोरासाठी एका वर्षाचं ‘डाउन’ म्हणजे बारा महिन्यांचं भाडं, मेस आणि गावात तोंड चुकवणं. मुलगी असेल तर हिशोब वेगळाच होतो. दोन विषय राहिले की मावशी-आत्या स्थळं बघायला लागतात. मुलाला मिळणारी दुसरी संधी मुलीला बऱ्याचदा घरातूनच मिळत नाही, आणि ही गळती कुठल्याही निकालपत्रकात वेगळी दिसत नाही. निकालात दोघांच्या नावापुढं सारखंच लिहिलेलं असतं.

विद्यार्थ्यांची भाषा ऐकण्यासारखी आहे. विषयात कुणी ‘नापास’ होत नाही, विषय ‘राहतो’ किंवा ‘उडतो’. आणि पास झाला की ‘निघतो’. “एम-थ्री निघाला का?” हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या कुठल्याही कट्ट्यावर ऐका. गणित जणू पायात रुतलेला काटा, तो निघाला की झालं. शिकलो का, हा प्रश्न त्या क्रियापदात नाहीच. एटीकेटीची सोय मुळात याच भीतीवर उतारा म्हणून आली. राहिलेला विषय मागं ठेवून पुढच्या वर्षात जायचं. मग तीही अपुरी पडली आणि ‘कॅरी ऑन’ हवं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसू द्यावं, म्हणून विद्यापीठांच्या दारात आंदोलनं होऊ लागली. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली हे दोन्ही जिल्हे येतात, आणि निकालाच्या दिवसांत कॅरी ऑनची चर्चा इथं पावसाइतकी नेमानं होते. या मागणीला आळस म्हणून झटकणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती मुलं एवढंच म्हणत असतात की चुकीची किंमत एक अख्खं वर्ष नसावी. पण एटीकेटी काय किंवा कॅरी ऑन काय, दोन्हीत अपयश पुढं ढकललं जातं, उघडून कुणी बघत नाही. पेपरात नेमकं काय चुकलं हे सांगायला वर्गात कुणी बसवत नाही. फोटोकॉपी मागवायची तर वेगळे पैसे.

अभ्यासक काय म्हणतात? या प्रश्नावर दोन तट आहेत आणि दोन्हींत दम आहे. मनू कपूर या संशोधकानं २००८ पासून ‘प्रॉडक्टिव्ह फेल्युअर’ ही कल्पना मांडली, म्हणजे फलदायी अपयश. पद्धत साधी आहे. दोन फलंदाजांच्या धावा द्या आणि विचारा, जास्त भरवशाचा कोण, ते आकड्यात सांगा. प्रमाण विचलनाचं सूत्र आधी शिकवायचं नाही. मुलं सरासरी काढतील, सर्वांत मोठ्या धावसंख्येतून सर्वांत लहान वजा करतील, आलेख काढतील. बहुतेक मार्ग अर्धवट निघतील. मग शिकवा. आता सूत्रातला वर्ग का आला, वजाबाकी सरासरीतूनच का, हे त्यांना टोचून कळतं. २०२१ साली तन्मय सिन्हा आणि कपूर यांनी ५३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आधी झगडून मग शिकणाऱ्यांचं विषयाचं आकलन सरस निघालं. अगदी लहान मुलांत मात्र हा फायदा दिसला नाही. म्हणजे ही गोष्ट शाळेपेक्षा कॉलेजलाच जास्त लागू पडते.

दुसरा तट पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांचा. त्यांचा २००६ चा लेख गाजला. नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाशिवाय मोकळं सोडलं तर त्याचं डोकं धडपडीतच खर्ची पडतं, शिकायला शिल्लक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडच्या बऱ्याच ‘प्रोजेक्ट’ची अवस्था पाहिली तर मला हे पटतं. मुलांना विषय देऊन सोडून दिलं जातं. ती शेवटच्या महिन्यात पुण्यातून तयार मॉडेल विकत आणतात. कपूर यांच्या पद्धतीतली महत्त्वाची पायरी अपयशानंतरची आहे, शिक्षकानं मुलांचे चुकलेले मार्ग फळ्यावर घेऊन त्यांची चिरफाड करण्याची. आपण नेमकी तीच गाळली आणि फक्त पहिली पायरी उचलली. ती फुकट असते म्हणून.

फुकट नसलेली पायरी कशी दिसते? शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले. त्याच संस्थेनं १९६८ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या श्रेणी बंद करून फक्त पास किंवा नापास अशी पद्धत आणली. आज पहिल्या सत्रात पास झालेल्याची नुसती नोंद होते, आणि जमलं नाही तर प्रगतिपुस्तकावर तो विषय दिसतच नाही. पहिल्या सत्रात मुलांनी धडपडावं, त्याचा डाग आयुष्यभर राहू नये, हा हेतू. आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरचा राहिलेला विषय कंपनीच्या अर्जावर शेवटच्या वर्षापर्यंत पाठलाग करतो. ‘लाइव्ह बॅकलॉग नको’ ही अट वाचून किती हुशार पोरं अर्जच भरत नाहीत, हे प्लेसमेंटच्या आठवड्यात कुठल्याही कॉलेजात जाऊन बघावं.

अशाच एका कॉलेजच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं मी एकदा संध्याकाळी गेलो होतो. मुलं बाहा स्पर्धेची गाडी बांधत होती. ही स्पर्धा भारतात २००७ पासून भरते. त्यांच्या गटात सगळ्या संघांना सारखंच दहा अश्वशक्तीचं इंजिन, बाकीची गाडी तुम्ही करायची, आणि शेवटी ती चार तास खडकाळ रस्त्यावर टिकवायची. त्याआधी ब्रेकची चाचणी असते. एकदा दाबला की चारही चाकं जागेवर जाम झाली पाहिजेत. तीन झाली तर परत जा, उघडा, शोधा. टेबलाच्या खणात एका मुलानं तुटलेला नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो सांधा, जपून ठेवला होता. तुटलेली कड त्यानं दिव्याखाली धरली. “वेल्डच्या वर नाही तुटला, शेजारी तुटलाय. उष्णतेनं तिथला धातू बदलला. आम्ही गार करायची घाई केली.” बाहेर कडेला एक जण खाली वाकून वेल्डिंग करत होता, मणी ओवल्यासारखी रेघ. संघातला सर्वांत चांगला हात त्याचा. चौकशी केली तेव्हा कळलं की एम-थ्री राहिलाय, आणि पुढच्या वर्षी बहुतेक संघात नसेल, कारण घरून सांगितलंय, ‘ते लोखंड बास’. तुटलेल्या नकलातून तो जे शिकला त्याला विद्यापीठाच्या गुणपत्रकात रकाना नव्हता. पाइप आणि टायरसाठी मुलांनीच वर्गणी काढली होती. ज्याला वर्गणी जमत नाही तो संघात नसतो, हे तिथं कुणी बोललं नाही, पण दिसत होतं.

वैद्यकीय शिक्षणाचा कायदा वेगळा, आणि तो असायलाच हवा. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा कऱ्हाडला विद्यार्थ्याच्या चुकीचं बिल रुग्णाच्या नावावर येतं. म्हणून तिथं पुतळ्यावर सराव, वरिष्ठाची नजर, मग रुग्ण. पण याच क्षेत्रात मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठकीची जुनी रीत आहे. काय घडलं, कुठं उशीर झाला, दुसरं काय करता आलं असतं, हे वरिष्ठही सगळ्यांसमोर मांडतात. इंजिनिअरिंग, शेती किंवा वाणिज्य शाखांत शिक्षक स्वतःची चूक अशी मांडताना मी फारसा पाहिला नाही.

फलटणला मात्र पाहिला आहे, जरी ती जागा कॉलेज नाही. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था तिथं आहे. फ्लोरिडात शिकलेले अनिल राजवंशी १९८१ साली तिथं आले आणि गोड ज्वारीपासून इथेनॉल, त्यावर चालणारा कंदील, पाचटावर चालणारं गॅसिफायर अशी कामं केली. त्यांतलं बरंचसं बाजारात रुजलं नाही, आणि हे त्यांनी स्वतःच मोकळेपणानं लिहिलं आहे. मेंढ्यांचं काम आणखी बोलकं आहे. बंगालच्या गरोळ जातीत जुळी पिल्लं देणारा जनुक आहे, पण ती मेंढी चणीनं लहान. दख्खनीशी संकर केला तर जुळी येणार, पण अंगानं बारीक. धनगराला ती परवडत नाहीत. मग पिढ्यामागून पिढ्या दख्खनीशी परत संकर करत, प्रत्येक पिढीत जनुक टिकला का ते तपासत, ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली. मेंढीची एक पिढी म्हणजे दीड-दोन वर्षं. सेमिस्टरच्या चौकटीत हा प्रयोग बसूच शकत नाही. पीएच.डी.च्या मुदतीतही जेमतेम.

नवीन धोरणाकडे याच नजरेनं बघायला हवं. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही त्याची अंमलबजावणी सुरू झाली. फील्ड प्रोजेक्ट आलं, कामाच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षण आलं, त्याला श्रेयांक आले. वर्षभर शिकून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक बँकेत जमा. कागदावर बघितलं तर मधे अडखळणाऱ्यासाठी ही आजवरची सर्वांत उदार रचना आहे. ‘नापास’ऐवजी ‘तात्पुरता बाहेर’ म्हणता येतं. प्रत्यक्षात जत किंवा आटपाडीतल्या कला शाखेच्या दोनशे मुलांना प्रशिक्षणाला पाठवायचं कुठं, हा प्रश्न प्राध्यापकांना रात्री झोपू देत नाही. मग पतसंस्थेत, मेडिकल दुकानात, नातेवाइकाच्या ऑफिसात सही-शिक्का मिळतो. पुन्हा २७.८.

मला विचाराल तर मोठी योजना नको. प्रयोगाच्या दहा गुणांतले चार गुण ‘उत्तर असं का आलं’ याला द्या. ९३९ लिहून दोन सेंटिमीटर शोधणारा मुलगा ९८० लिहिणाऱ्याच्या पुढं गेला पाहिजे. राहिलेल्या विषयाची उत्तरपत्रिका विनाशुल्क आणि शिक्षकासोबत बघायला मिळाली पाहिजे. शेडमधल्या पाइपांचे पैसे कॉलेजनं भरावेत, मुलांच्या वर्गणीवर ढकलू नयेत. आणि वर्ष ‘डाउन’ झालेल्याची वसतिगृहातली खाट काढून घेऊ नये. या चारांतल्या पहिल्या दोन गोष्टींना फक्त शिक्षकाचा वेळ लागतो. शिक्षकांची पदं वर्षानुवर्षं भरली जात नसताना तो कुठून आणायचा, याचं उत्तर प्राचार्यांकडे नाही, मंत्रालयात आहे.

डिसेंबरात तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागेत गेलो होतो. हा सगळा पट्टा प्रयोगी बागायतदारांचा. थॉमसन सीडलेसमधून निवडलेला तास-ए-गणेश हा वाण इथल्याच माणसानं, वसंतराव आर्वे यांनी पुढं आणला. बागेच्या कडेला एक ओळ वेगळी ठेवलेली होती. नवं औषध, नवी मात्रा, काहीही आधी त्या ओळीवर. दव वाढलेलं, दावण्या रोगाची भीती, तरीही मालक त्या ओळीबद्दल निवांत होता. “तिचं काय व्हायचं ते होऊ द्या. ती त्यासाठीच हाय.” त्याचा मुलगा इंजिनिअरिंगला. वर्ष डाउन होऊन घरी आलेला. त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र वडील जरा गप्प झाले आणि छाटणीच्या मजुरीवर बोलायला लागले.

मुलगा टोकाला बसून वहीत काही लिहीत होता. त्या ओळीची वही. तारीख, फवारा, मात्रा, घडाची लांबी. मी मागितली तर संकोचानं दिली. तीन ठिकाणी काट मारलेली होती, पण खालचा आकडा वाचता येईल अशी. आणि प्रत्येक काटेच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, चुकलं कशामुळं.